वेढा पाण्याचा, पण पाणी कुणाचे?

केरीच्या धक्क्यावरून तेरेखोलला जाणारी फेरीबोट नदी ओलांडायला फार वेळ घेत नाही. ओहोटीला मुखापाशी वाळू वर येते तेव्हा ती जरा लांबून वळण घेते, रॅम्प सिमेंटवर खरवडत टेकतो आणि मोटारसायकली, माशांच्या पाट्या नि किल्ला पाहायला निघालेली मंडळी एकदमच उतरतात. उतरल्यावर पायाखालची जमीन गोव्याचीच असते. पेडणे तालुक्यातले हे गाव तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर आहे. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र आणि पाठीशी, रेडीच्या अंगाने, लगेच महाराष्ट्र. पेडण्याच्या दुकानातून घेतलेली दारूची बाटली पिशवीत घालून फेरीने गेलेला माणूस गोव्यातून गोव्यातच गेलेला असतो. तोच माणूस तीच बाटली घेऊन, फेरी बंद म्हणून, किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, शिरोडा, रेडी असा वळसा घालून घरी निघाला, तर महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याच्या लेखी तो परराज्यातली दारू विनापरवाना बाळगणारा इसम ठरतो.

तेरेखोल गोव्यापासून तुटलेले आहे काय? नकाशावर जमिनीचा रंग पाहणारा म्हणेल, आहे. फेरीवर चढलेला म्हणेल, नाही. माझ्या मते फेरीवर चढलेल्याचे बरोबर आहे, मात्र त्याचे कारण फेरी हे नव्हे. नदीमुखाचे दोन्ही काठ गोव्याचे, म्हणून मधले पाणी गोव्याचे, आणि म्हणूनच ते ओलांडताना दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही, हे ते कारण. पाण्याच्या कडेला असलेल्या प्रदेशांची व्याख्या करताना हीच कसोटी लावावी आणि किनारा आहे की नाही हा प्रश्न दुय्यम मानावा, असे मला मांडायचे आहे.

यासाठी एन्क्लेव्ह आणि एक्सक्लेव्ह असे दोन शब्द प्रचारात आहेत आणि ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मराठीत साधेपणाने एकाला वेढलेला प्रदेश म्हणावे आणि दुसऱ्याला तुटलेला. लेसोथो, सान मारिनो आणि व्हॅटिकन हे वेढलेले आहेत, पण तुटलेले नाहीत, कारण ज्यापासून तुटावे असा त्यांचा मुख्य भूभागच दुसरीकडे नाही. पोलंड आणि लिथुआनिया यांच्या मध्ये असलेला रशियाचा कालिनिनग्राद प्रांत मुख्य भूमीपासून तुटलेला आहे, पण बाल्टिक समुद्राचा किनारा असल्यामुळे वेढलेला नाही. कूचबिहारच्या सीमेवरची छिटमहाले, म्हणजे एका देशाचे दुसऱ्याच्या हद्दीत अडकलेले जमिनीचे तुकडे, दोन्ही होती. भारताची १११ बांगलादेशात आणि बांगलादेशाची ५१ भारतात. २०१५च्या ३१ जुलैच्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली आणि तोवर तिथल्या माणसाला आपल्याच देशाच्या कचेरीत जायला परका देश ओलांडावा लागत होता. जमिनीपुरते बोलायचे तर व्याख्येत अडचण काहीच नाही. घोळ सुरू होतो तो पाणी लागल्यावर.

रूढ नियम असा, की किनारा असला म्हणजे तो प्रदेश वेढलेला नाही. फार तर त्याला अर्धवट एन्क्लेव्ह म्हणावे. या नियमात एक गृहीत गुपचूप शिरलेले आहे. जमीन तेवढी कुणाची तरी असते आणि पाणी म्हणजे मोकळी जागा, हे ते गृहीत. शिडाच्या बोटींच्या काळात, तोफेचा गोळा जाईल तिथवरच राजाचा अंमल मानला जाई तेव्हा, ते थोडेफार खरे असेल. १९८२च्या सागरी कायदा कराराने किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राष्ट्राचे सार्वभौमत्व मान्य केले आहे. उपसागर, खाड्या, नदीमुखे आणि आधाररेषेच्या, म्हणजे हे अंतर जिथून मोजतात त्या रेषेच्या, आतले सगळे पाणी तर जमिनीइतकेच त्या राष्ट्राच्या मालकीचे. सरोवरांतून आणि नद्यांतून सीमारेषा जमिनीवर आखाव्यात तशाच आखलेल्या असतात. असे असताना पाण्याला रिकामे समजून केलेली व्याख्या आजच्या जगाला लागू कशी पडणार?

आपल्याकडे शेताच्या रस्त्याचे भांडण तहसीलदारापुढे जाते तेव्हा हा प्रश्न बरोबर विचारला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली एखादा शेतकरी बांधावरून वाट मागतो, शेजारी म्हणतो की याच्या शेताच्या एका अंगाला ओढा आहे, याने ओढ्यातून जावे. तेव्हा ओढा आहे एवढ्यावर निकाल लागत नाही. तो सरकारी आहे की कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, आणि त्यातून गाडीबैल जातो का, हे पाहावे लागते. राष्ट्रांच्या बाबतीत मात्र ओढा दिसला की आपण फाइल बंद करतो.

म्हणून व्याख्या अशी असावी. जिथून दुसऱ्या एकाच राज्याची जमीन किंवा सार्वभौम पाणी न ओलांडता बाहेर पडता येत नाही, तो प्रदेश वेढलेला. जिथून आपल्याच राज्याच्या मुख्य भागाकडे स्वतःच्या जमिनीवरून, स्वतःच्या पाण्यातून किंवा सर्वांना खुल्या असलेल्या समुद्रातून जाता येत नाही, तो तुटलेला. यात किनारा हा शब्दच येत नाही.

ही निव्वळ कोशकारांची हौस नाही, याचा पुरावा आपल्या इतिहासात आहे. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटले. त्या मोहिमेत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याहून कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट. या दोन्ही मुलखांच्या चहूबाजूंनी भारत होता आणि पोर्तुगिजांच्या दमणपासून ते थोड्याशा भारतीय पट्टीने अलग झालेले होते. त्या पट्टीतून पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना जाऊ द्यायला भारताने नकार दिला, आणि १९५५च्या डिसेंबरात पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले.

तिथे पोर्तुगालने आपला हक्क शाबीत करायला काढले ते पेशव्यांचे कागद. १७७९चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५च्या सनदा यांनी हा मुलूख पोर्तुगालला सार्वभौमत्वासह मिळाला, असा त्यांचा दावा. न्यायालयाने या कागदांचा अर्थ लावला तो असा, की पेशव्यांनी दिला तो वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम होता, मुलखावरची सत्ता नव्हे. पुण्याच्या दफ्तरातला सरंजाम हा शब्द हेगच्या निकालपत्रात जाऊन बसला, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. पुढे इंग्रजांच्या काळात मात्र पोर्तुगालची सत्ता मूकपणे मान्य झाली आणि जाण्यायेण्याची वहिवाट पडली, असेही न्यायालयाने म्हटले. १२ एप्रिल १९६०चा निकाल या वहिवाटीवरच उभा आहे. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना भारताच्या नियंत्रणाखाली जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना नव्हता. आणि १९५४मध्ये जे केले त्यात भारताने आपले कोणतेही कर्तव्य मोडले नाही. शेवटचा मुद्दा नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरला.

या खटल्यात दादरा आणि नगर हवेली यांना एन्क्लेव्ह म्हटले गेले आणि दमणला तटवर्ती. दोघांनाही जमिनीकडून भारताचाच वेढा होता. फरक होता तो दमणपुढच्या समुद्राचा, आणि सगळा फरक तिथेच पडला. दादऱ्याची वाट अडवायला भारताला युद्ध करावे लागले नाही. आपल्याच रस्त्यावर आपण पहारा बसवला, एवढेच. गोवा, दमण आणि दीवची कोंडी करण्याचा प्रयत्नही १९५५पासून झाला. रेल्वे थांबली, व्यापार थांबला. पोर्तुगालने दाभोळीला विमानतळ बांधला आणि मुरगाव बंदरात बोटी येत राहिल्या. त्या काळी गोव्यात बटाटे हॉलंडचे मिळत, असे जुने गोवेकर अजून सांगतात. समुद्र बंद करणे म्हणजे नाकेबंदी, आणि नाकेबंदी म्हणजे युद्ध. १९६१च्या डिसेंबरात अखेर सैन्य आणि आरमार पाठवावे लागले तेव्हाच तो प्रश्न सुटला. वेढलेला आणि न वेढलेला यांतले अंतर मोजायचे तर १९५४ ते १९६१ या सात वर्षांइतके ते मोजता येते.

इथवर रूढ नियम आणि माझी कसोटी एकाच ठिकाणी पोहोचतात, कारण गोव्यापुढे खुला अरबी समुद्र होता. किनारा आहे पण समोरचे पाणी खुले नाही, अशा जागी दोघांची फारकत होते.

एड्रियाटिक समुद्रावरचे नेउम घ्या. बोस्निया-हर्जेगोव्हिनाचा सुमारे वीस किलोमीटरचा किनारा येवढाच. १६९९च्या कार्लोवित्सच्या तहात दुब्रोवनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसशी सीमा भिडू नये म्हणून ही पाचर तुर्कांना देऊन टाकली आणि ती आजवर तशीच राहिली. तिच्यामुळे क्रोएशियाचा दुब्रोवनिककडचा भाग जमिनीवरून उरलेल्या देशापासून अलग पडतो. सर्वत्र लिहिले जाते ते असे, की दुब्रोवनिक तुटलेले आहे आणि बोस्नियाला समुद्र आहे. पाणी कुणाचे हे विचारले की चित्र जवळजवळ उलटे होते. दुब्रोवनिकहून निघालेली होडी क्रोएशियाच्याच पाण्यातून उत्तरेला जाते. नेउमच्या उपसागरातून निघालेल्या बोटीला मात्र पेल्येशात्स द्वीपकल्पाला वळसा घालत क्रोएशियाच्या पाण्यातूनच बाहेर पडावे लागते. क्रोएशियाने या पाण्यावर पूल बांधायला घेतला तेव्हा बोस्नियातून ओरड झाली ती याचसाठी. २६ जुलै २०२२ रोजी खुल्या झालेल्या त्या पुलाखाली जहाजांसाठी ५५ मीटर उंची सोडली आहे. ही उंची ठरवणे एका देशाच्या हाती होते आणि तिच्यावर दुसऱ्या देशाच्या बंदराचे भवितव्य ठरणार होते. नुसत्या किनाऱ्याला समुद्र म्हणणाऱ्यांनी हे ५५ मीटर लक्षात ठेवावेत.

पोलंडचे एल्ब्लाँग बंदरही असेच. ते विस्तुला खाजणाच्या काठी आहे, पण खाजणातून बाल्टिकमध्ये जायची नैसर्गिक वाट रशियाच्या ताब्यातल्या बाल्टीस्कच्या सामुद्रधुनीतून होती. पोलंड काही भूवेष्टित देश नव्हे. तरीही त्याने आपल्या हद्दीतला वाळूचा दांडा खोदून कालवा काढला आणि १७ सप्टेंबर २०२२ला तो खुला केला. १९३९मध्ये त्याच तारखेला सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या होत्या, तेव्हा मुहूर्त मुद्दाम काढलेला होता हे उघड आहे. या बंदरापुरती व्यापाराची गणिते फारशी जुळत नाहीत अशी टीका पोलंडमध्येच झाली. पण ज्याला रोज शेजाऱ्याच्या अंगणातून जावे लागते, त्याला स्वतःच्या दाराची किंमत रुपया-आण्यात मोजून दाखवता येत नाही.

सगळ्यांत चोख उदाहरण आफ्रिकेतले आहे. मलावी सरोवरात लिकोमा आणि चिझुमुलु ही दोन बेटे मलावीची, पण ती मोझांबिकच्या काठाजवळ आहेत. १९५४पर्यंत ब्रिटिश न्यासालँडची, म्हणजे आजच्या मलावीची, हद्द इथे सरोवराच्या पूर्व काठापर्यंत होती, म्हणजे बेटांभोवतीचे सारे पाणी त्यांच्याच सत्तेचे. त्या वर्षी ब्रिटन आणि पोर्तुगालने हद्द सरोवराच्या मध्यावर सरकवली. बेटे मात्र, भोवतीच्या अरुंद पाणपट्ट्यासह, न्यासालँडकडेच राहिली. माती हलली नाही, पाणी हलले नाही, लिकोमावरचे दगडी कॅथेड्रल जागचे हलले नाही, आणि एका कागदाने ती बेटे तुटलेली झाली. बेट म्हणजे बेट, त्याला एन्क्लेव्ह कशाला म्हणायचे, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ही हद्द सरकवल्याची गोष्ट हेच आहे. बेटाला पाण्याचा वेढा नेहमीचाच असतो. १९५४ नंतर लिकोमाला राज्याचा वेढा पडला.

आता एक अडचण कबूल केली पाहिजे. सागरी पट्ट्यावर किनारी राष्ट्राचे सार्वभौमत्व असले तरी परक्या जहाजांना तिथून निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. मग परक्याच्या सागरी पट्ट्याने वेढलेल्या किनाऱ्याला जमिनीने वेढलेल्या दादऱ्याच्या ओळीत बसवणे अन्यायाचे होईल. पण तो हक्क तोकडा आहे हेही पाहावे. वाटेत मासे मारता येत नाहीत, पाणबुडीला वर येऊन निशाण दाखवत जावे लागते, विमानांना तो मुळीच लागू नाही, आणि सुरक्षेच्या कारणाने किनारी राष्ट्र आपल्या पाण्याच्या ठरावीक भागात तो तात्पुरता थांबवू शकते. इथे मला अर्धवेढा हा शब्द योग्य वाटतो, आणि अर्धवट एन्क्लेव्ह ही संज्ञा ठेवायचीच असेल तर ती एवढ्यासाठीच राखून ठेवावी. नद्या आणि सरोवरे यांत तो हक्क आपोआप येत नाही, तहाने मिळवावा लागतो; म्हणून तिथला वेढा पुरा. सागरी कायद्याच्या करारालाही हे भान आहे. द्वीपसमूह राष्ट्राचे पाणी शेजारी राष्ट्राच्या दोन भागांच्या मध्ये आले, तर त्या शेजाऱ्याची तिथली पूर्वापार वहिवाट चालू राहावी, असे कलम त्यात आहे. इंडोनेशियाचे पाणी मलेशियाचे दोन तुकडे वेगळे करते, हे त्यामागचे ठळक उदाहरण.

माझ्या कसोटीवरचा खरा आक्षेप दुसरीकडून येतो, आणि तो वजनदार आहे. कायद्याने वाट खुली आहे म्हणून माणसाला ती असतेच असे नाही, असे आक्षेप घेणारे म्हणतात. ब्रुनेईचा तेंबुराँग जिल्हा आणि उरलेला देश ब्रुनेईच्या उपसागराने जोडलेले आहेत, तरी मधल्या मलेशियन लिंबांगमधून शिक्के मारत जाण्याला कंटाळून त्या सरकारने २०२०मध्ये जवळपास ३० किलोमीटरचा पूल उपसागरावर उघडला. तुटलेले नव्हते तर एवढा खर्च कशाला? पूर्व पाकिस्तानाला बंगालचा उपसागर होता. तरीही १९७१च्या जानेवारीत ‘गंगा’ विमानाचे अपहरण झाल्यावर भारताने आपल्या हद्दीवरून उड्डाणे बंद केली, तेव्हा पाकिस्तानी विमानांना श्रीलंकेला वळसा घालावा लागला आणि दोन पाकिस्तानांमधले अंतर एकाएकी जाणवू लागले.

हे सगळे खरे आहे. तरीही गैरसोय आणि वेढा यांना एकच नाव देऊ नये. फेरी रात्री बंद असते ही तेरेखोलची गैरसोय आहे. ती सरकारने दूर करावी, जादा बोट द्यावी, पूल बांधावा. त्यासाठी दुसऱ्या कुणाकडे तोंड वेंगाडायला नको. दादऱ्याच्या बाबतीत पोर्तुगालने शंभर फेऱ्या लावायच्या म्हटल्या असत्या तरी उपयोग नव्हता. तेंबुराँगचा पूल तर माझ्याच बाजूची साक्ष देतो. ब्रुनेई तो बांधू शकले, कारण ज्या पाण्यात खांब रोवायचे ते त्याचे स्वतःचे होते. पूर्व पाकिस्तानाचे आकाश भारताने शांततेच्या काळात, आपल्या अधिकारात बंद केले. समुद्र बंद झाला तो डिसेंबरात, युद्ध सुरू झाल्यावर. जी वाट शेजारी युद्धावाचून बंद करू शकतो तिला वाट धरू नये, एवढेच कसोटीचे सांगणे आहे.

देशांतर्गत सीमांना ही कसोटी लावताना थोडे सावध राहावे लागते. आपल्याकडे समुद्रतळ आणि तिथली संपत्ती राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे केंद्राची आहे. महाराष्ट्राचा समुद्र, गुजरातचा समुद्र असे आपण म्हणतो ते मासेमारीच्या कायद्यांपुरते. त्यामुळे दमण आणि दीव रस्त्याने एकमेकांपासून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर असले, तरी मधल्या समुद्रात कुणा तिसऱ्या राज्याची मालकी आड येत नाही. अमेरिकेत हे वेगळे आहे. न्यूयॉर्क बंदरातले स्वातंत्र्यदेवतेचे बेट न्यूयॉर्क राज्याचे, पण भोवतीचे पाणी १८३४च्या करारापासून न्यू जर्सीचे. जवळच्या एलिस बेटावर भराव घालून जमीन वाढवली गेली, तेव्हा ती कुणाची यावर दोन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली, आणि १९९८मध्ये न्यायालयाने मूळ बेट न्यूयॉर्कचे पण भरावाची जमीन न्यू जर्सीची असे ठरवले. ज्याचे पाणी बुजवले त्याचीच जमीन. एकाच इमारतीतून सीमारेषा गेली, याचे त्या न्यायाधीशांना काही वाटले नसावे.

निसर्गाने घातलेल्या भरावाचे काय? प्लाता नदीच्या मुखात अर्जेंटिनाचे मार्तिन गार्सिया बेट उरुग्वेच्या पाण्यात आहे. १९७३च्या तहाने ते तसे ठरले. गाळ साचत जाऊन ते शेजारच्या उरुग्वेच्या बेटाला भिडले आणि नदीत सीमा असलेल्या या दोन देशांना तिथे चक्क जमिनीवरची सीमा मिळाली. व्याख्या गाळाच्या भरवशावर ठेवली तर दर पावसाळ्यानंतर ती तपासावी लागेल. मालकीच्या कसोटीला अशी मोजणी लागत नाही. वेढा आधीही उरुग्वेचा होता आणि नंतरही उरुग्वेचाच राहिला.

घरच्या अंजदीवपाशी मात्र माझीही कसोटी थोडी अडखळते. हे बेट गोव्याचे, पण कारवारच्या किनाऱ्यासमोर. १८ डिसेंबर १९६१ला ते घेताना आरमाराचे सात जण कामी आले. पुढे कारवारचा नौदल तळ झाला आणि लाटा थोपवण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्याने बेट कर्नाटकच्या जमिनीला जोडले गेले. गोव्याचा हा तुकडा आता पायी गाठायचा तर कर्नाटकातून, आणि होडीने गाठायचा तर केंद्राच्या समुद्रातून. दोन्ही वाटांवर परवानगी लागते, पण ती कर्नाटकाची नव्हे, नौदलाची. आणि तिथल्या जुन्या चर्चच्या फेस्ताला जाऊ इच्छिणाऱ्या गोव्यातल्या भाविकांची तक्रारही कर्नाटकाविरुद्ध नाही.